जिभेला न कळणारे विष

मध्यान्ह भोजन मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने एक घास खाऊन पाहावा, असा नियम आहे. सिल्वासातील आमच्या सरकारी शाळेत हे कर्तव्य आम्ही मोठ्या आवडीने पार पाडतो. मीठ कमी पडले, डाळ आंबली, भात करपला, एवढे आमची जीभ बिनचूक सांगते. परंतु अन्नातील प्रत्येक दोष जिभेला कळतोच असे नाही, आणि हा धडा पश्चिम भारताने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

१९७४ साली गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीने थैमान घातले. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. चारशेच्या आसपास रुग्ण आढळले. त्यांपैकी शंभरावर मरण पावले. ही साथ म्हणावी, तर घरातील उष्टे खाणारी कुत्रीही मरत होती! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी घराघरांतील मका तपासला, तेव्हा उलगडा झाला. अवेळी पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी धरली होती, आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उपजले होते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा याच विषाचा प्रथम शोध लागला होता. नित्याच्या रांधण्यानेही ते पुरते नाहीसे होत नाही.

हैदराबादकर वाचकांना तार्नाक्याची ही संस्था ठाऊक असेल. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या शोधार्थ एका खोलीत तिचा आरंभ झाला. राष्ट्र काय खाते, हे जाणण्यासाठी राष्ट्राच्या चुलीपर्यंत जावे लागते, हे तिच्या कार्याचे मर्म आम्हांस वाटते.

आता प्रश्न असा की, बुरशीने काळवंडलेला मका त्या लोकांनी खाल्लाच का? शेतकऱ्याला खराब दाणा ओळखता येत नाही, असे कोण म्हणेल? पण मका हेच ज्याचे मुख्य अन्न आणि कणगीत दुसरा दाणा नाही, त्याने टाकायचे काय आणि खायचे काय? अन्नाची शुद्धता आणि अन्नाची विपुलता हे दोन प्रश्न नव्हेत. एकाच प्रश्नाची ती दोन अंगे होत.

म्हणूनच आमच्या वारली, कोकणा विद्यार्थ्यांच्या घरची नागलीची भाकरी आम्हांस मोलाची वाटते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते; सडलेल्या तांदळात जेमतेम १०. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा कुठे शहरांना तिची आठवण झाली! ताटात दोन-तीन धान्ये असली म्हणजे एकाच नासक्या धान्यावर सारा जीव टांगून राहत नाही.

दमणगंगेच्या या मुलखात पाऊस उदंड. धान्य कडकडीत वाळवावे, दाताखाली दाणा कट्कन मोडला तरच ते भरावे, बुरशीचा दाणा निवडून टाकावा, हे आम्ही वर्गात शिकवितो. मात्र तो दाणा टाकून देण्याचे धैर्य पुस्तकातून येत नाही. कणगीत दुसरे धान्य असले, म्हणजेच ते येते.