दोन धावांची आठवण, ११२ धावांचा हिशेब

मालवणच्या मातीतून मुंबईला गेलेल्या क्रिकेट प्रशिक्षकांत रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांचे स्थान वादातीत आहे; शिवाजी पार्कवर सरावाच्या वेळी यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून, बाद करणाऱ्या गोलंदाजाला किंवा अखेरपर्यंत टिकणाऱ्या फलंदाजाला ते बहाल करणाऱ्या या सरांचे सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, लालचंद राजपूत आणि चंद्रकांत पंडित हे चार शिष्य मे १९९१ मध्ये वानखेडेवर एकाच संघातून खेळले. रणजी करंडकाच्या, म्हणजे राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, त्या अंतिम सामन्यात संजय मांजरेकर कर्णधार होते आणि जोडीला दिलीप वेंगसरकर होते. एवढे असूनही मुंबई हरियाणाकडून २ धावांनी हरली.

विजयासाठी ३५५ धावा हव्या असताना तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा फटकावल्या आणि वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले; पण पायात गोळे आल्याने त्यांच्यासाठी राजपूत धावत होते, आणि या बदली धावकाशी ताळमेळ न जमून अखेरचा फलंदाज अ‍ॅबी कुरुविला धावचीत झाला, तेव्हा फलकावर ३५२ धावा होत्या. वेंगसरकरांचे अश्रू मुंबईकरांच्या स्मरणात राहिले, ते स्वाभाविकच होते. तथापि त्या अश्रूंनी खरा हिशेब झाकला गेला. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यालाच करंडक मिळतो, आणि दीपक शर्माच्या १९९ धावांच्या बळावर हरियाणाने ५२२ धावा उभारून मुंबईला ४१० वर रोखले होते. म्हणजे ११२ धावांचे देणे डोक्यावर घेऊनच मुंबई अखेरच्या दिवशी धावत सुटली होती. शिवाय तिचे तारे बहुतेक फलंदाजीतले, तर समोर कपिल देव आणि चेतन शर्मा हे गोलंदाज होते. नशिबाला दोष देणे सोपे, म्हणूनच ते अधिक रुचले असावे.

यष्टिरक्षक पंडित यांच्या आयुष्यात मात्र हा हिशेब पुढे चालूच राहिला. १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशचे कर्णधार असताना बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर संघाने कर्नाटकावर पहिल्या डावात आघाडी घेतली आणि तरीही अंतिम सामना गमावला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला करंडक मिळवून दिला. विदर्भासारख्या, ज्याच्याकडे मोठ्या नावांची रेलचेल नव्हती अशा संघाला तर २०१८ आणि २०१९ असा लागोपाठ दोनदा. २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामीवर त्यांच्या मध्य प्रदेशने पृथ्वी शॉ, यशस्वी जयस्वाल आणि १३४ धावा करणारा सर्फराज खान यांच्या मुंबईला ६ गडी राखून हरवले, आणि त्या वेळी पहिल्या डावातील आघाडी होती १६२ धावांची.