हात टेकवल्यावर

आखडलेल्या खांद्यावर हात टेकवला की सुरुवातीला मी काहीच करत नाही. दाबत नाही, चोळत नाही, बोटांनी काही शोधतही नाही. तळवा नुसता टेकलेला असतो आणि त्याखालचा माणूस माझ्या हाताचा अंदाज घेत असतो. हात गरम आहे की गार, घाईत आहे की निवांत, दुखवणार की सांभाळणार, हे सगळं त्याच्या कातडीला माझ्या आधी कळतं. तो तोंडाने मात्र भलतंच सांगत असतो. "मॅडम, इथं गाठ आहे बघा. जरा जोर लावून फोडा."

मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकाकडे उतरणारी ही कड. हिंजवडीत दिवसभर पडद्यासमोर बसणारा मुलगा, पीएमपीची बस चालवणारे काका, खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, पेपर तपासायच्या दिवसांतल्या शिक्षिका, सगळ्यांची हीच ताठ झालेली असते. कामं निरनिराळी, पण खांदे कानांकडे उचललेले, आणि ते उचललेले आहेत हे ज्याचं त्याला ठाऊक नसतं. "खांदे सोडा" म्हटलं की माणूस ते आणखी उचलतो. स्नायूला हुकूम देऊन सैल करता येत नाही. त्याची खात्री पटावी लागते. एवढ्या वर्षांत माझ्या हातांना समजलेली गोष्ट ती हीच, आणि बाकी जे काही शिकले ते याच्या आगेमागेच येतं.

गाठ म्हणतात ती खोटी नसते. बोटाखाली ताठ दोरीसारखी पट्टी लागते, तिच्यावर एखादी जागा अशी असते की दाबताच माणूस दचकतो आणि कळ भलतीकडेच निघते. अमेरिकेतल्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखऱ्या बिंदूंचा नकाशा काढण्यात आयुष्य घातलं. जॉन केनेडींच्या पाठदुखीवर त्या उपचार करत आणि १९६१ साली केनेडी अध्यक्ष झाल्यावर अध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९८३ साली आला. त्यातली चित्रं मी अजून उघडून बघते. खांद्याच्या कडेवर एक फुली आणि तिथून मानेच्या बाजूने वर चढत, कानामागून कानशिलाकडे वळणारी लाल ठिपक्यांची वाट. कितीतरी जण डोकं दुखतं म्हणून गोळ्या खात येतात आणि खांद्यावर बोट ठेवल्याबरोबर म्हणतात, "हीच ती कळ!" त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती बरं वाटल्याची नसते, आपलं दुखणं कुणालातरी सापडलं, याची असते. या बिंदूंत नेमकं काय घडतं यावर जाणकारांचे वाद आहेत. दुखणं खरं आहे, यावर नाहीत.

आणि मग फॅशिया. मटण साफ करताना मांसावरून सोलून निघणारा पांढरट, ओलसर, चिवट पापुद्रा ज्यांनी हाताळला आहे, त्यांनी फॅशिया पाहिलेला आहे. प्रत्येक स्नायूवर तो असतो, स्नायूच्या आतल्या जुडग्यांवर असतो, जुडग्यातल्या एकेका तंतूवरही त्याचंच तलम आवरण असतं. कंबरेत तो जाड होऊन पाठ, नितंब आणि पोटाचे स्नायू एकमेकांशी बांधून टाकतो. शवविच्छेदनाच्या वर्गात आम्ही हाच पापुद्रा चिमट्याने ओढून बाजूला टाकत होतो, खालचा स्नायू पुस्तकातल्या चित्रासारखा स्वच्छ दिसावा म्हणून. शतकानुशतकं शरीर शिकणाऱ्यांनी हेच केलं. फॅशियाची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद भरली ती २००७ साली, बोस्टनला, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात. इटलीतल्या पादुआच्या कार्ला स्टेको यांनी दाखवलं की फॅशियाच्या थरांमध्ये हायलुरोनन असतं. सांध्यांच्या वंगणातही तेच असतं. त्याच्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात. हालचाल थांबली की हे वंगण घट्ट, चिकट होत जातं असं त्यांचं म्हणणं, आणि सकाळी अंथरुणातून उठताना ज्यांची पाठ धरते त्यांना ते लगेच पटेल.

मग आम्ही हाताने ते थर ताणतो आणि सैल करतो, असं मी बराच काळ मानत आणि सांगत होते. २००८ साली एक गणिती अभ्यास प्रसिद्ध झाला. मांडीच्या बाहेरचा आणि तळपायाचा जाड फॅशिया एक टक्का जरी दाबायचा किंवा सरकवायचा असेल तर लागणारा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्यापलीकडचा आहे, असं त्यातून निघालं. वाचल्यावर मला वाईट वाटलं नाही, उलट एक कोडं सुटल्यासारखं झालं. कारण माझ्या हाताखाली जे सुटतं ते जोराने सुटत नाही, हे मी रोज बघत होते. जोर वाढवला की खालचा स्नायू उलट उठून बसतो. हात तसाच ठेवला, कातडी आणि तिच्याखालचा थर किंचित एका बाजूला धरून वाट बघितली, की मिनिट-दोन मिनिटांनी काहीतरी वितळतं. फॅशियात मज्जातंतूंची टोकं दाटीने पसरलेली आहेत, आणि त्यांतली काही सावकाश, आडव्या ताणालाच साद देतात. कातडीतही असे मज्जातंतू आहेत की जे सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ स्पर्शालाच सर्वांत जास्त जागे होतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी ते शोधून काढले. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते त्याचा वेग मोजला तर साधारण याच मापात बसतो.

त्या मिनिट-दोन मिनिटांत काय काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी श्वास बदलतो. छातीत वरच्यावर चाललेला श्वास खाली पोटात उतरतो. मग माणूस आवंढा गिळतो. पोटात गुरगुर होते, तो ओशाळून "सॉरी" म्हणतो, आणि मी मनात म्हणते, चला, सुरू झालं. पापण्या आतून थरथरतात. हाताखालची कातडी गरम होते. सगळ्यात शेवटी स्नायू. तो सुटताना माझा तळवा बोटभर आत गेल्यासारखा वाटतो आणि मी काही ढकललेलं नसतं.

आपल्याकडच्या मालिशवाल्या बायकांना हे कुणी शिकवलं? बाळंतिणीच्या घरी सकाळी येणारी ती बाई न्हाणीत पाटावर बसते, लुगडं गुडघ्यांवर खोचून पाय समोर लांब सोडते. बाळ तिच्या नडग्यांवर पालथं. तेल आधी तिच्या स्वतःच्या तळव्यांवर, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केलेले. मग मानेपासून ढुंगणापर्यंत एक लांब हात, तो संपायच्या आत दुसरा, असा की बाळाच्या पाठीवर कुठला ना कुठला हात कायम आहे. उताणं केल्यावर उजवा हात आणि डावा पाय पोटावर एकमेकांकडे आणायचे, मग डावा हात आणि उजवा पाय. मी एकदा शेजारी बसून तिचे हात बघत होते. बाळाने पाय आखडून घेतला तेव्हा तिने तो ओढला नाही. पोटरी हातात धरून थांबली, बाळाशी काहीबाही बोलत राहिली, आणि पाय आपोआप सरळ झाला. मी जे परिषदांतून आणि कार्यशाळांतून, फी भरून शिकले ते हेच होतं. ती मात्र बाळामागे मिळणाऱ्या पैशांवर आणि बारशाच्या साडीचोळीवर घर चालवते, आणि कुणी तिला थेरपिस्ट म्हणत नाही.

तिच्या कामाला पुरावा हवा असेल तर तोही आहे. टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं हाताने मालिश केली. १९८६ साली त्यांनी लिहिलं की या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. दूध दोन्ही गटांना सारखंच होतं. २००५ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी खोबरेल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलाची मालिश सरस ठरली. पण या परंपरेतलं सगळंच मी उचलून धरणार नाही. नाक सरळ यावं म्हणून ओढणं, नाकात आणि कानांत तेल सोडणं, तान्ह्या बाळाची छाती पिळणं, हे ताबडतोब बंद व्हायला हवं, आणि जी आजी त्यासाठी हट्ट धरते तिला घरातल्यांनी प्रेमाने पण ठामपणे थांबवायला हवं.

जोर वाईट, असं माझं म्हणणं आहे असं कुणी समजू नये. कोल्हापूरच्या तालमीत या. गंगावेस असो, मोतीबाग असो, ताक-तेल-हळद घालून मुरवलेल्या तांबड्या मातीत मेहनत संपली की पैलवान एकमेकांचं अंग रगडायला बसतात. कोपर लावतात, मुठी मारतात, मांड्या पायाने तुडवतात. तो जोर माझ्या खाटेवरच्या माणसाला दिला तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. पैलवान मात्र डोळे मिटून पडलेला असतो, कारण रगडणारा हात त्याच्या रोजच्या जोडीदाराचा आहे. तास-दीड तासापूर्वी याच हाताशी तो झुंजलेला आहे. हात ओळखीचा असला की शरीर केवढा तरी भार आत घेतं. परका हात असेल तर बोटभर दाबही त्याला हल्ला वाटतो. म्हणूनच दाब किती, या प्रश्नाला माझ्याकडे किलोत उत्तर नाही.

आणि म्हणूनच केस कापून झाल्यावर दोन्ही हातांत डोकं धरून मान कडकन मोडण्याची पद्धत मला सहन होत नाही. गिऱ्हाइकाला ती सेवेतली भर वाटते, कडकड वाजलं की मोकळं झालं असं वाटतं. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अशा अचानक झटक्याने आतून फाटू शकतात आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. डोक्याला चंपी जरूर करून घ्यावी. मानेला हात लागला की "नको" म्हणावं. तसंच एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली असेल तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांकडे जावं. हल्ली घरोघरी आलेल्या धडधडणाऱ्या मालिश-बंदुकांबद्दलही लोक विचारतात. दमलेल्या मांडीला थोडा वेळ बरं वाटेल. पण खालचा माणूस दचकला की थांबायचं, हे त्या यंत्राला कळत नाही, आणि माझ्या कामातला अर्धा भाग थांबणं हाच आहे.

आयुर्वेदातल्या अष्टांगहृदयात रोज तेल लावावं असं सांगताना डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात पायांना तेल लावून घेणं हा राजाच्या उपभोगांपैकी एक स्वतंत्र उपभोग म्हणून गणलेला आहे. ज्येष्ठात ज्ञानोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा मला तो उपभोग आठवतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणारे पाय. शाळांच्या व्हरांड्यांत, मांडवांत, फुटपाथवर सतरंज्या टाकून माणसं तेलाच्या वाट्या घेऊन बसतात आणि वाट चालून आलेल्यांचे पाय मांडीवर घेतात. महाविद्यालयातली मुलं, दुकानदार, निवृत्त कारकून. जे पाय वर्षभर शेतात राबतात, ज्यांना घरी कुणी तेल लावत नाही, ते पाय इथे ओळीने पसरलेले असतात. अंगठ्याजवळ चपलेच्या पट्ट्याचे फोड, भेगांत गेलेला डांबराचा काळपटपणा, टाचेची कातडी जोड्याच्या तळासारखी. बरेच जण आधी संकोचतात. "माऊली, पाय नका धरू," असं म्हणत पाय ओढून घेतात. मग कुणीतरी त्यांनाही माऊलीच म्हणतं आणि पाय पुढे येतो.

मी आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तिथे घेऊन जाते. खाटेवरच्या माणसाने ताण कुठे धरला आहे ते विचारायला वेळ असतो. इथे पायालाच विचारावं लागतं. परवाच्या वारीत एक विद्यार्थी परभणीकडच्या एका आजींचा तळवा मन लावून अंगठ्याने दाबत होता, अगदी पुस्तकात दाखवल्याप्रमाणे. आजींनी थोडा वेळ बघितलं. "लेकरा, तळव्यात काय ठेवलंय? वरून ये की," म्हणाल्या आणि त्याचा हात धरून गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या कडेला नेऊन ठेवला. "हितं. आन् दाबू नको, नुसता धर." तो धरून बसला. तिथलाच स्नायू दिवसभर पाऊल उचलून धरत आलेला होता. बऱ्याच वेळाने आजींचं पाऊल बाहेरच्या बाजूला कललं, त्यांनी दुसरा पाय पुढे केला आणि त्याला बजावलं, "ह्याला बी तसंच. आन् लवकर आटप, दिवेघाट चढायचाय."