ग्रेट झिम्बाब्वेहून अप्पांस

मासविंगो, रात्री

ती. अप्पांस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. हरारेहून इथवरची बस वेळेवर होती, रस्ता बरा होता. उद्या अवशेष पाहायला जाणार आहे. त्याआधी एका पेन्सिलीची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. ती मनात धरून गेले नाही तर तिथं नुसते दगड दिसतील.

1871 सालच्या सप्टेंबरात कार्ल माउख नावाचा एक जर्मन प्रवासी इथं आला. गवताझाडोऱ्यात उभ्या असलेल्या प्रचंड दगडी भिंती त्याला दिसल्या. एका दाराच्या लाकडी तुळईची ढलपी त्यानं काढली. रंग आणि वास त्याच्या खिशातल्या पेन्सिलीसारखा. पेन्सिल देवदाराची, म्हणून तुळई देवदाराची. देवदार लेबनॉनचा, म्हणजे तो फिनिशियन लोकांनी आणला असणार. मग हे शेबाच्या राणीचं नगर आणि बायबलातल्या सॉलोमन राजाला सोनं पुरवणारा ओफिर प्रांत तो हाच. ते लाकूड इथल्याच रानातलं होतं. ताम्बूती म्हणतात त्या झाडाला.

माउखचा राग येण्यासारखं एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. माणूस दमलेला, आजारी, एकटा होता. पण त्याच डायरीत त्यानं आणखीही काही टिपून ठेवलंय. या टेकडीवर बैलांचा बळी कसा देत, पूजा कशी चाले, हे त्याला तिथल्याच एका माणसानं सांगितलं, आणि त्या माणसाचे वडील या जागेचे पुजारी होते. म्हणजे ज्यांची जागा ती माणसं समोर बसून बोलत होती. माउखनं त्यांचं सांगणं लिहून घेतलं आणि वास्तू मात्र राणीच्या नावावर केली.

ओफिरची कल्पना त्याच्या डोक्यातून निघाली नव्हती. सोफाळा बंदरातून सोनं बाहेर पडायचं, ते आतल्या मुलखातून यायचं, हे पोर्तुगिजांना सोळाव्या शतकातच ठाऊक होतं. झुआंव द बारुशनं 1552 साली छापलेल्या इतिहासात आतल्या भागातल्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गढीचं वर्णन आहे. त्या काळी मोझांबिकचा कारभार आपल्या गोव्यातून चाले, तेव्हा या सोन्याच्या गप्पा मांडवीकाठीही रंगल्या असतील.

पहाटे निघायचंय. बाकी उद्या.

ग्रेट झिम्बाब्वे

ती. अप्पांस, सा. न.

आज दिवसभर तुमची आठवण काढत भिंतींच्या कडेकडेनं फिरले. हे बघायला तुम्ही हवे होतात. आयुष्यभर तुम्ही गडगे रचलेत, दगड हातात घेऊन त्याचं तोंड कुठलं ते बघता. इथं चुना नाही, माती नाही, सिमेंट नाही. आपल्या गडग्यासारखाच दगडावर दगड. फक्त हा गडगा 11 मीटरपर्यंत उंच, बुडाशी पाचेक मीटर रुंद, आणि मोठ्या आवाराभोवतीचा त्याचा घेर सुमारे 250 मीटर.

माझ्याबरोबर एक वयस्कर शोना गृहस्थ होते, सगळे त्यांना सेकुरू म्हणतात, आपल्याकडे आजोबा म्हणतात तसं. कामानं गवंडी. जुन्या भिंती फुगल्या, ढासळल्या की त्या पुन्हा रचणाऱ्यांपैकी. त्यांनी मला आधी भिंत दाखवलीच नाही. शेजारच्या उघड्या खडकाळ टेकडीवर नेलं आणि बोटानं खडकाचा पापुद्रा दाखवला. ग्रॅनाइट दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आणि त्याचे थरच्या थर सुटतात, सारख्या जाडीचे. लोकांनी हेच ओळखलं, खडकावर जाळ करून वर पाणी ओतलं आणि थर लवकर सोडवून घेतले. पुढं हातोडीनं तुकडे पाडायचे. दगड सारख्या जाडीचा मिळाला म्हणूनच या भिंतींच्या ओळी इतक्या सरळ आल्यात. जादू म्हणायची तर ती या खडकाची, आणि तो ओळखणाऱ्या नजरेची.

दोन्ही बाजूंना घडीव दगड, मध्ये भरताड. भिंत वर जाताना किंचित आत झुकते. पायाशी पाणी जायला मोऱ्या सोडल्यात. कुठंही काटकोन नाही. वाटेत मोठी शिळा आली तर तिला फोडलेलं नाही, भिंत तिच्यात मिसळून पुढं गेलीय. छप्पर कधीच नव्हतं. राहायची घरं आत होती, दागा नावाच्या माती-खडीच्या गिलाव्याची, वर गवत. ती विरली, भिंती राहिल्या. आलेल्या गोऱ्या लोकांना म्हणून वाटलं की इथं राहणारे कोणी निराळेच असणार.

आता एक गोष्ट सावकाश वाचा. मोठ्या आवारात दोन भिंतींच्या मधून एक चिंचोळा बोळ जातो. दोन माणसं शेजारून जायला अवघड. एका हाताला आतली भिंत, दुसऱ्या हाताला बाहेरची. सेकुरूंनी माझा एक हात एकीवर ठेवला, दुसरा दुसरीवर. आतल्या भिंतीचे दगड लहान-मोठे, ओळी खालीवर होतात, मध्येच एखादी हरवते. बाहेरचीचे थर आखल्यासारखे, आणि आग्नेयेच्या बाजूला माथ्यावर नागमोडी नक्षीचा पट्टा. आतली आधीची, बाहेरची नंतरची. बाहेरून कोणी तयार कारागीर आले असते तर त्यांचं पहिलं काम सर्वांत चांगलं असतं आणि पुढं ते बिघडत गेलं असतं. इथं उलट आहे. पहिलं काम कच्चं आहे, हात बसत गेला तसं ते सुधारलंय. या बोळात उभं राहिलं की शिकणारी माणसं दिसतात, अप्पा. हरवलेल्या संस्कृतीची जेवढी पुस्तकं आहेत, त्यांच्यातल्या एकालाही या दोन भिंतींचं उत्तर देता येत नाही.

बोळाच्या टोकाला शंकूच्या आकाराचा बुरूज आहे, सुमारे 10 मीटर उंच. आत खजिना असेल म्हणून लोकांनी त्याला खूप छळलं. तो भरीव आहे. शोना लोकांच्या धान्याच्या कोठाराचा हा आकार असावा, राजा प्रजेला धान्य देतो याची ती खूण, असं पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाचं मत होतं. मला ते पटतं. शेती आणि गुरं यांवर उभं राहिलेलं हे राज्य, सोनं आणि हस्तिदंताचा व्यापार वर. अकराव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत ही वस्ती नांदली. मग सरपण, कुरणं, जमीन यांवर ताण आला असावा, व्यापाराच्या वाटा सरकल्या, राजसत्ता उत्तरेला आणि पश्चिमेला गेली.

मासविंगो

ती. अप्पांस, सा. न.

आज पाऊस. खोलीत बसून काल टिपलेलं नीट लावलं. तुम्ही विचाराल, एवढं डोळ्यांसमोर असताना लोक इतकी वर्षं दुसरंच का सांगत राहिले? त्याचं उत्तर जमिनीत आहे.

1890 साली सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीनं हा मुलूख ताब्यात घेतला. इथं पूर्वी कोणा गोऱ्या किंवा सेमिटिक वंशाचं राज्य होतं असं ठरलं की आताचा ताबा म्हणजे आक्रमण न राहता परत येणं होतं. पुढच्याच वर्षी थिओडोर बेंटला उत्खननासाठी पाठवलं. त्याला मिळालं ते सगळं इथल्याच माणसांच्या वापरातलं, तरी निष्कर्ष निघाला अरबस्तानातून आलेल्या लोकांचा. 1895 मध्ये तर जुन्या अवशेषांत सोनं शोधण्यासाठी एक कंपनीच निघाली. या जागेला तिनं हात लावला नाही, पण इतर कित्येक वास्तूंमधले सोन्याचे दागिने काढून वितळवले.

सर्वांत मोठी हानी मात्र रिचर्ड हॉलनं केली. 1902 पासून तो इथला देखरेख अधिकारी होता. त्याच्या मते वरचे थर म्हणजे आफ्रिकी लोकांनी केलेली घाण, खाली खरे बांधणारे. म्हणून त्यानं ते थर खरवडून बाहेर टाकले. चुली, जमिनी, खापरं, ज्यांवरून या वास्तूचा इतिहास वाचता आला असता ते सारं ढिगाऱ्यात गेलं. हे लिहिताना माझा हात थरथरतो. बांधणाऱ्यांचा शोध घ्यायला नेमलेल्या माणसानं बांधणाऱ्यांचाच पुरावा फेकून दिला, आणि तो आता कोणालाही परत मिळवता येणार नाही.

त्यानंतर खरं बोलणारेही आले. 1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हरनं सांगितलं, ही वास्तू आफ्रिकी आहे आणि मध्ययुगातली आहे. वसाहतवाले खवळले. मग 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आली. तिच्या हाताखालच्या दोघीही तरुण मुली, त्यांतली एक कॅथलीन केन्यन, जी पुढं जेरिकोच्या उत्खननानं जगाला माहीत झाली. केटन-थॉम्पसननं हॉलनं उपसलेल्या जागा सोडून कोणाचा हात न लागलेली जागा निवडली. भिंतीखाली आणि पक्क्या जमिनीखाली जे दबलेलं असतं ते नंतर कोणी आणून ठेवलेलं असू शकत नाही, इतकं साधं तिचं तत्त्व. खाली सापडली ती इथल्याच धाटणीची खापरं. शंकूच्या बुरुजाखालूनही तिनं भुयार काढून पाहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सभेत, भरल्या सभागृहापुढं, तिनं निकाल सांगितला: ही बांधणी इथल्या लोकांची. पुढं रेडिओकार्बननं काळही ठरला.

इतकं होऊनही 1965 नंतरच्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारला ते नको होतं. 1969 साली संसदेत तक्रार झाली की सरकारी पुस्तिका एकाच बाजूनं लिहिल्या जातात, सर्व मतांना सारखी जागा हवी. ऐकायला न्याय्य वाटतं, नाही? पण पुराव्याला आणि हव्यासाला सारखी जागा देणं हा न्याय नव्हे. पुरातत्त्व खात्यात वरिष्ठ निरीक्षक असलेला गार्लेक 1970 मध्ये देश सोडून गेला. शाळेतल्या काळ्या मुलांना स्वतःच्या पूर्वजांची भिंत परक्यांची म्हणून दाखवली जात होती. 1980 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं या वास्तूचंच नाव घेतलं, आणि इथं सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर आला.

ते पक्षी मी इथल्या संग्रहालयात पाहिले. मऊ शंखजिऱ्याचे, उंच खांबांवर बसलेले. सगळे मिळून आठ. एक ऱ्होड्सनं केपटाऊनच्या घरी नेला. 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून चार परत आले, तेही मधमाश्या-गांधीलमाश्या-मुंग्यांचा एक मोठा संग्रह बदल्यात देऊन. एका पक्ष्याचा खालचा भाग बर्लिनला होता, तो 2003 साली आला. सांधा दिसतो. काचेजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहिला.

बुलावायो

ती. अप्पांस, सा. न.

चिनूनं पाठवलेली वेरूळची चित्रफीत पाहिली. तिथलं कैलास लेणं माणसांना शक्य नाही, एखादी लुप्त महाविद्या असलेली संस्कृती किंवा परग्रहावरचे कोणी असणार, असं तो निवेदक सांगतो. चिनूला रागावू नका, वय तसं आहे. पण त्याला सांगा, बडोद्याच्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या त्या देवळाचं आणि कृष्णराजाचं नाव स्पष्ट आहे, आणि घडवणारा शिल्पीही आपल्या कामानं चकित झाल्याचं वर्णन आहे. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आधीचं, आराखडा कुठून आला ते तिथं कळतं. शेजारचं दशावतार लेणंही त्याच्या आधीचं. आणि मागच्या उभ्या कड्यावर छिन्नीचे ओरखडे शेकड्यांनी आहेत. इथं शोना गवंड्याला जे केलं तेच ही चित्रफीत आपल्या पाथरवटाला करते. सुट्टीत मी त्याला घेऊन जाईन, टॉर्च घेऊन, तिरप्या उजेडात छिन्नीच्या खुणा दाखवीन.

मोहाची परीक्षा मात्र इथंही झाली. काल ज्या दुकानात गेले तिथले गुजराती शेठ फार प्रेमानं म्हणाले, "बेन, हे सगळं आपल्याच लोकांनी बांधलंय." ही समजूतही नवी नाही. 1981 साली सिरिल ह्रोमनिक या लेखकानं आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींमागे आणि दगडी वास्तूंमागे भारतीय होते असं पुस्तकच लिहिलं. मी शेठजींना नम्रपणे नाही म्हटलं. आपल्या नावावर आलं म्हणून शेबाच्या राणीची गोष्ट खरी होत नाही.

आपला इथला खरा संबंध लहान आहे आणि मला तो जास्त प्रिय आहे. आज खामीला गेले होते. ग्रेट झिम्बाब्वे ओस पडल्यावर जी राजधानी नांदली ती ही, नदीकाठी, पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या दगडी ओट्यांची. नक्षी इथं जास्त मोकळी आहे, चौकड्यांचे पट्टेच्या पट्टे. या दोन्ही ठिकाणी चिनी मातीची भांडी सापडली आणि भारतातून आलेले काचमणी. सोनं, हस्तिदंत तिकडं जायचं, कापड आणि मणी इकडं यायचे. आणि आपल्या चौलला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं तेव्हा मिळालेल्या मण्यांची काच रासायनिक तपासणीत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मण्यांशी जुळली. म्हणजे कोकणातल्या एखाद्या भट्टीवाल्यानं ओढलेली काच, तिचा मणी, गलबतातून इकडं उतरून इथल्या कोणा बाईच्या गळ्यात गेला असेल. तिच्या नवऱ्यानं भिंत रचली असेल. भिंत त्यांची, मणी आपला.

आत्याला फोन कराल तेव्हा विचारा, चौलच्या वाडीत नारळाची आळी खणताना निघालेले ते लाल मणी अजून डबीत आहेत का. असतील तर धुऊ नका, कोणाला देऊ नका म्हणावं, आणि कुठल्या आळ्यात, किती खोल सापडले ते आठवेल तेवढं चिनूकडून लिहून ठेवा. परत आले की पुण्याला नेऊन दाखवते.

तुमची,
बाळी