चाबी कोणापाशी?

तर झालं असं, की फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून आम्ही दोघांनी हायपरवायझर लिहायला घेतला. एकाच खऱ्या मशीनवर आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. पुस्तकात सोपं वाटलेलं, प्रत्यक्षात घाम फोडणारं!

आत चालणारी गेस्ट, म्हणजे छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम, स्वॅपिंगसकट पार्टनरने लिहिली. मेमरी सांभाळणारं शॅडो पेजिंग माझ्याकडे. गेस्टला वाटतं, प्रोसेसर आपलंच पेज टेबल वाचतोय. खरं तर तो वाचतो हायपरवायझरने गुपचूप बनवलेलं दुसरं टेबल. 2007-08 मध्ये एएमडी आणि इंटेलने हे काम प्रोसेसरमध्येच घातलं, त्यामुळे आता सहसा कुणी हाताने करत नाही. पण 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत आलेला केव्हीएमसुद्धा सुरुवातीला असाच चालायचा. गाईडचं म्हणणं, "एकदा हाताने करा, मग कळेल."

कळलं. आमच्या टेस्टमध्ये एक भलामोठा अ‍ॅरे होता, गेस्टच्या मेमरीत न मावणारा. पहिल्या फेरीत तो भरायचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक आकडा वाचायचा, एक मिळवायचा, परत लिहायचा. शेवटी बेरीज. बेरीज कमी यायची. कधी 48128 ने, अ‍ॅरे थोडा वाढवला की 52224 ने. फरक नेहमी 1024 च्या पटीत! 4 केबीच्या एका पानात 1024 आकडे मावतात. म्हणजे पानंच्या पानं जुनी होऊन परत येत होती.

पानं डिस्कवर ठेवणं-आणणं पार्टनरच्या कोडचं काम, तेव्हा चूक त्याचीच, हे मी ठरवूनच टाकलं. तो म्हणाला, "हायपरवायझरशिवाय चालव, बेरीज बरोबर येते." मी म्हणालो, "तुझ्या स्वॅपमध्ये टायमिंगचा लफडा आहे, आधी तो बघ." हे लॅबमध्ये चार पोरांसमोर बोललो. त्याने लॅपटॉप बंद केला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी. मी पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला, तिथून आमगावला.

आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला धान निघायला लागतं आणि राइस मिलची धावपळ सुरू होते. बाबा मिलमध्ये मुनीम. रात्री ते जेवायला आले तेव्हा मी वहीत दोन टेबलं काढून बसलो होतो.

"काहून रे, दिवाळीतबी अभ्यास?"

त्यांना समजेल असं सांगायचं म्हणून मिलचंच उदाहरण घेतलं. गेस्ट म्हणजे शेठ. प्रोसेसर म्हणजे हमाल. मेमरी म्हणजे गोदाम.

"मंग हमालानं कट्टा ठेवला, ते कोनत्या वहीत चढते?"

"गोदामातल्या."

"आन् शेठ कोनती पाहते?"

"गादीवरची."

"तं मधात मुनीम काय करून रायला?"

माझा घास हातातच राहिला. मुनीम म्हणजे माझा कोड!

पेज टेबलच्या प्रत्येक नोंदीत डर्टी नावाचा एक बिट असतो. पानावर लिहिलं की प्रोसेसर तो 1 करतो. पण करतो माझ्या शॅडो टेबलात. गेस्ट बघते स्वतःच्या. तिच्याकडे तो 0 च. म्हणजे पान बदललेलं नाही, डिस्कवरची प्रत ताजी आहे, टाका काढून! पहिल्या फेरीत थेट लिहिणं व्हायचं, तेव्हा फॉल्ट माझ्याकडे यायचा आणि मी दोन्हीकडे नोंद करायचो. दुसऱ्या फेरीत आधी वाचणं. त्या फॉल्टमध्येच मी पान लिहिण्यासाठीही खुलं करून ठेवलं होतं, पुढचा एक फॉल्ट वाचावा म्हणून. त्या हुशारीवर मी खूश होतो.

"कुलूप लावून ठेव," बाबा म्हणाले. "हमाल पयले माझ्यापाशी येते, मी दोन्ही वह्यांत लिवतो, मंगच चाबी देतो."

ही पद्धत त्यांनी कधी सुरू केली, मला माहीत होतं. मी आठवीत असताना त्यांच्या हिशेबात चाळीस कट्टे कमी भरले होते. आठ दिवस ते मिलमधून येऊन न बोलता झोपायचे. आईने तर कानातले मोडायला काढले होते. मग कट्टे मागच्या गोदामात सापडले. कुणीतरी हलवले, नोंद केली नाही. ज्यांनी संशय घेतला त्यांनी पुढे त्यावर एक शब्द काढला नाही. बाबांनीही नाही.

रात्रीच कोड बदलला. गेस्टच्या नोंदीत डर्टी बिट 0 असेल, तर शॅडोमध्ये पान फक्त वाचण्यापुरतं. पहिल्यांदा लिहायला गेलं की फॉल्ट, आधी गेस्टच्या टेबलात बिट 1, मग पान खुलं. मोजून चार ओळी. बेरीज बरोबर आली. अ‍ॅरे दुप्पट केला, तरी बरोबर.

पावणेबाराला पार्टनरला फोन लावला. "चूक माझी होती. शॅडोमध्ये. तुझा स्वॅप बरोबर आहे. आणि लॅबमध्ये सगळ्यांसमोर बोललो ते... सॉरी यार."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टेस्ट रात्रभर चालू ठेव. सकाळी बेरीज सांग."