चिठ्ठीवर नसलेली मजुरी

ईदच्या खरेदीत लेकरांच्या कपड्यावर ‘ओको-टेक्स’ची चिठ्ठी दिसली की आपण निर्धास्त होतो. पण त्यातलं ‘स्टँडर्ड १००’ फक्त घातक रसायनांची तपासणी सांगतं. शिवणाऱ्याच्या मजुरीबद्दल अवाक्षर नाही. ‘गॉट्स’ पुढे जातं: किमान ७० टक्के सेंद्रिय धागा, शिवाय बालमजुरीला बंदी.

ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा कोसळली, २४ एप्रिल २०१३. अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा दिसल्या होत्या. इमारतीतल्या बँकेनं आपली माणसं येऊ दिली नाहीत. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. मुलांचे कपडेही तिथं शिवले जात.

‘इको’, ‘नॅचरल’ कुणीही छापतो. मी आधी बघते, ब्रँड आपल्या कारखान्यांची नावं-पत्ते जाहीर करतो का. करणाऱ्यांच्या यादीतही रोजची मजुरी सहसा नसते.