सॅम्पल ओके आहे

"सर, सर्किट तयार आहे. फक्त कार्ड बनवून द्या." भोसरी एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सचं जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याच्या ओळखीचं निघेल. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या भाच्यानं किंवा कॉलेजातल्या एखाद्या पोरानं आरडुइनोवर काहीतरी जुळवलेलं असतं आणि टेबलावर ते चालतंही. एलईडी लुकलुकतो, रिले टकटक वाजतो, शेठ खूश होतात. त्यांच्या लेखी नव्वद टक्के काम झालेलं असतं. आमच्या हिशेबात ते अजून सुरूच झालेलं नसतं.

आमचा धंदा कुणाच्या नजरेत भरणारा नाही. दूध थंड करायच्या टाक्या बनवणारे, वजनकाटेवाले, इचलकरंजीचे लूमवाले, पंपाचे स्टार्टर बनवणारे, अशा मंडळींच्या मशीनच्या पोटात एक हिरवं कार्ड असतं. ते त्यांच्या मापानं डिझाइन करायचं, बनवायचं, तपासून द्यायचं. लॉट दोनशेचा, पाचशेचा, फार तर दोन हजारांचा. एवढ्याशा मालासाठी मोठा कारखाना दारातही उभं करत नाही, म्हणून आमच्यासारख्या गाळेवाल्यांची चूल पेटते.

कोल्हापूरकडच्या एका स्टार्टरवाल्यांचं काम सांगतो. त्यांची मागणी एका कागदावर मावली होती. मोबाइलवरून शेतातली मोटर चालू-बंद व्हावी, एखादा फेज गेला तर ती थांबावी, विहिरीतलं पाणी संपलं तर कोरडी फिरू नये. "एवढंच पाहिजे बघा, साहेब." कागदात चूक काहीच नव्हती. पण कार्ड राहणार कुठे, हे त्यात नव्हतं. ते कागदावर लिहितच नाही कुणी. ते बघायला जावं लागतं. त्यांच्याच एका गिऱ्हाइकाकडे, जुन्नर तालुक्यात गेलो.

तिथे मोबाइल स्टार्टर ही चैन नाही. शेतीची लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. भोवती ऊस आणि उसात बिबट्या. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला कोण जाणार? घरातल्या बायका जाऊ देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. मोटरघर म्हणजे विहिरीच्या कडेला पत्र्याची पेटी. उघडली तर आत मुंग्यांचं घर, कॉन्टॅक्टरच्या मागे वाळलेली पाल, आणि खाली कधीतरी सांडलेल्या फवारणीच्या औषधाचा थर. मी सवयीनं न्यूट्रल शोधायला लागलो. म्हातारे बाबा बघत होते. म्हणाले, "काय हुडकता? इथवर तीनच तारा येत्यात."

त्या एका वाक्यानं आमच्या सर्किटचा पाया बदलला. स्टार्टरवाल्यांनी दिलेल्या सॅम्पलमध्ये पॉवर सप्लाय २३० व्होल्टचा होता, म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल. शेतावर न्यूट्रलच नाही. स्टार्टरची कॉइलसुद्धा दोन फेजांमध्ये, ४१५ व्होल्टवर चालते. म्हणजे कार्डालाही तिथूनच पाणी प्यायचं. बाजारात मिळणारे तयार सप्लाय बहुतेक २६४ व्होल्टपर्यंतचे. इथे ४१५ व्होल्टच्या एसीचा माथा ५८७ व्होल्टला जातो, आणि रात्री गावातल्या मोटरी बंद झाल्या की लाइन आणखी चढते. ४५० व्होल्टचा एक कपॅसिटर पुरत नाही, दोन एकापाठोपाठ जोडावे लागतात. दोघांनी भार सारखा वाटून घ्यावा म्हणून त्यांच्यावर रेझिस्टर घालावे लागतात. उलट भर दुपारी सगळे पंप चालू असताना लाइनच्या टोकाला व्होल्टेज सव्वातीनशेपर्यंत खाली येतं. तेव्हाही कार्ड जिवंत राहिलं पाहिजे, नाहीतर मोटर का थांबली हे शेतकऱ्याला सांगणार कोण?

दुसरी गोष्ट मोबाइलची. सॅम्पलमधला मॉडेम टू-जीचा होता, स्वस्त आणि चांगला. बाबांच्या खिशातलं सिम जिओचं. जिओचं जाळं पहिल्यापासून फोर-जी. टू-जीच्या मॉडेममध्ये ते सिम घातलं तर नुसती मुकी चकती. त्या शिवारात दुसऱ्या कंपनीची रेंज टेकडीवर चढल्यावर मिळायची. मॉडेम बदलला, कार्डाची किंमत वाढली, शेठशी आठवडाभर घासाघीस झाली.

तिसरी गोष्ट मागितली कुणीच नव्हती. लाईट आली की ऑटोस्विचवाल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरला तो दणका झेपत नाही, फ्यूज जातात, कधी ट्रान्सफॉर्मरच जळतो आणि मग गाव अंधारात. महावितरण म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं वारंवार सांगत असतं. आम्ही वापरतो त्या मायक्रोकंट्रोलरच्या पोटात प्रत्येक नगाला कारखान्यातच स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून प्रत्येक कार्ड स्वतःची थांबण्याची वेळ ठरवतं. एक अर्ध्या मिनिटानं उठेल, शेजारचं दीड मिनिटानं, तिसरं आणखी नंतर. यासाठी एक पैशाचाही जादा पार्ट लागला नाही, प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढल्या. माझ्या मते कस्टम डिझाइनचे पैसे घ्यायचे ते अशा चार ओळींचे. पण बिलात त्या दाखवणार कशा?

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. आपल्याकडे कार्डाचे पैसे द्यायला लोक तयार असतात, डिझाइनचे नाही. "डिझाइनचे कसले, ते कार्डात लावून घ्या की." मग कार्डात लावलेलं डिझाइन दुसऱ्या लॉटला दुसऱ्याच गाळ्यात नक्कल होऊन निघतं, आणि पहिला गाळेवाला पुढच्या खेपेला प्रोग्रॅम कुलूपबंद करून ठेवतो. दोघंही शहाणे, दोघांचंही नुकसान. डिझाइनचा आकडा वेगळा सांगावा, तो मिळाला की गर्बर, पार्टांची यादी आणि सोर्सकोड गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, आणि हे पहिल्याच दिवशी पीओवर लिहून घ्यावं. आम्ही असंच करतो. काही गिऱ्हाइकं यामुळे गेली, जाऊ देत.

सॅम्पल पास झालं की फोन येतो, "सॅम्पल ओके आहे, पाचशे टाका." एक कार्ड मी स्वतः बसून, भिंगाखाली, रविवारची दुपार घालवून बनवू शकतो. पाचशे बनवताना मी तिथे नसतो, आणि नसायलाच हवं. तिथे असतो फ्रिज. सोल्डर पेस्ट दोन ते दहा अंशांत ठेवायची असते. बाहेर काढून तिला खोलीच्या तापमानाला काही तास येऊ द्यायचं, मगच झाकण उघडायचं. घाईनं उघडलं तर हवेतला ओलावा तिच्यावर जमतो आणि भट्टीत तिचे थेंब उडून बारीक गोळ्या होतात. पावसाळ्यात ही घाई हमखास महागात जाते. मग स्टेनसिल, पोलादाचा पातळ पत्रा, साधारण ०.१२ मिलिमीटरचा. त्यातून पेस्ट ओढायची, मशीन पार्ट ठेवतं, पट्टा भट्टीतून जातो. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, भट्टीचा माथा २४०-२४५ ला. जुनं शिशाचं १८३ लाच पाणी व्हायचं. एक बाजू आधी तापली तर ०६०३ मापाचा, म्हणजे दीड मिलिमीटरचा रेझिस्टर एका पायावर उभा राहतो. बरीच कार्डं एकत्र असलेलं पॅनल भट्टीतून बाहेर आलं की मग त्याचे वड्या पाडल्यासारखे तुकडे होतात.

रिले, टर्मिनल, मोठे कपॅसिटर हातानं भरायचे. हे काम आमच्याकडे बायका करतात, आणि त्यातल्या सगळ्यांत जुन्या ताईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही ट्रे पुढे जात नाही. ताई शिशाच्या सोल्डरवर शिकल्या. तेव्हा चांगल्या टाक्याची खूण सोपी होती, तो चकचकायचा. बिनशिशाचा टाका चांगला असला तरी जरा मंदच दिसतो. त्यामुळे त्यांना चमक सोडून टाक्याचा उतार बघायला शिकावं लागलं. सोल्डर पायावर चढलं आहे का, पॅडवर पसरलं आहे का, की नुसतं गोळा होऊन बसलं आहे. आता त्या ट्रे तिरका धरतात, ट्यूबलाइटखाली एकदा फिरवतात आणि नखानं खूण करतात. खूण केलेल्या जागी जवळजवळ दर वेळी काहीतरी असतंच. मी त्यांच्याशी वाद घालायचं केव्हाच सोडलं.

शेवटी टेस्ट जिग. कार्ड दाबून बसवलं की खालून स्प्रिंगच्या पिना लागतात. आमच्या जिगवर खरा कॉन्टॅक्टर आणि खरे तीन फेज आहेत, नुसते बल्ब नाहीत. एक बटण फेज तोडतं, दुसरं फेजांचा क्रम उलटवतं, कारण लाइनमननं तारा जोडताना अदलाबदल केली तर मोटर उलटी फिरते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका तर मुद्दाम कार्डाच्या शेजारीच ठेवला आहे. प्रोग्रॅम अडकायचा असेल तर माझ्या गाळ्यात अडकू दे, जुन्नरला नको. जिग बनवायला लागलेला वेळ पहिल्या लॉटच्या नफ्यात कधीच बसत नाही.

सुटे भाग हा वेगळाच लेख होईल. २०२१ च्या टंचाईत दीडशे-दोनशेचा मायक्रोकंट्रोलर दीड-दोन हजाराला मागत होते, आणि कंपनीकडून रीतसर घ्यायचा तर बावन्न आठवडे थांबा म्हणत होते. लॅमिंग्टन रोडवर आणि आपल्या तापकीर गल्लीत गरजेला पार्ट मिळतो, पण चिप घासून वर नवा नंबर टाकलेला मालही फिरतो. कापसाला ॲसिटोन लावून पाठ पुसली आणि कापूस काळा झाला तर तो पार्ट परत. तेव्हापासून यादीत प्रत्येक महत्त्वाच्या पार्टासमोर दुसरं नाव लिहिलेलं असतं, आणि मायक्रोकंट्रोलरसाठी तर कार्डावर दोन मापांची पॅड. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये मात्र पर्याय शोधत बसू नये. आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि पत्र्याच्या पेटीत मे महिना कसा असतो हे मी बघितलं आहे. तिथे १०५ अंशांचा, नावाच्या कंपनीचाच घ्यायचा. पाच रुपये वाचवणाऱ्या खरेदीवाल्याला हे पटवावं लागतं.

एवढं करूनही काही कार्डं जळतात. वीज पडते, तार तुटते, पाल आत शिरतेच. त्यात वावगं काही नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. गिऱ्हाईक जळलेलं कार्ड फेकून देतं आणि नवं मागवतं. किंवा परत पाठवतं ते धुऊनपुसून, थिनरनं चकाचक करून, वर चिठ्ठी, "चालत नाही." मग आम्ही काय वाचायचं? काजळी कुठून सुरू झाली, व्हॅरिस्टर फुटला की कपॅसिटर, मुंग्या कोणत्या बाजूनं शिरल्या, कोटिंग कुठे उखडलं, सगळं त्या मळातच लिहिलेलं असतं. पुढच्या लॉटमध्ये ट्रॅकमधलं अंतर वाढवायचं की पेटीचं छिद्र बुजवायचं, ते त्यावरून ठरतं.

तेव्हा स्टार्टरवाल्यांना, टाकीवाल्यांना, काटेवाल्यांना, सगळ्यांनाच विनंती आहे. बिघडलेलं कार्ड परत पाठवा. सोबत गाव, तारीख आणि आदल्या रात्री पाऊस-वीज होती का, एवढं लिहा. कुरिअरचे पैसे आमच्या खात्यावर टाका. फक्त पुसू नका.