बारा चाळीस, नववी मात्रा

विष्णु नारायण भातखंड्यांनी बंदिशी छापायला घेतल्या तेव्हा स्वरांखाली एक ओळ तालासाठी राखून ठेवली. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत ही ओळ पानोपानी भेटते. घड्याळाशी तिचं काही देणंघेणं नाही. कुठला स्वर किती सेकंदांनी आला ते ती सांगत नाही, आवर्तनात तो कुठे बसतो एवढंच सांगते. कोल्हापुरात गाणं शिकणाऱ्या एका मुलीनं पहिली वही घातली ती याच पुस्तकांबरहुकूम.

मग घरात टेपरेकॉर्डर आला. तालीम रेकॉर्ड करायला गाणं शिकवणाऱ्या बाईंनी परवानगी दिली, पण कुरकुरतच. कॅसेटच्या झाकणाशेजारी तीन आकड्यांचा काउंटर होता. बटण दाबलं की ०००. वहीच्या समासात आकडे दिसू लागले. ‘१३२, उठाव’. ‘२०७, बाई हसल्या’.

गंमत अशी, की तो काउंटर वेळ मोजतच नव्हता. टेप सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर या ठरल्या चालीनं सरकते. काउंटर मात्र रिळाच्या फेऱ्या मोजतो. टेप गुंडाळून घेणारं रीळ सुरुवातीला रिकामं असतं, त्यामुळे गरागरा फिरतं. अंगावर टेप चढत जाते तसं ते मंदावतं. म्हणून पहिले शंभर आकडे भुर्रकन जातात आणि शेवटचे शंभर रेंगाळतात. शिवाय मैत्रिणीच्या यंत्रावर तोच १३२ भलत्याच तानेपाशी नेऊन सोडायचा. बाईंनी एकदा ती वही चाळली आणि म्हणाल्या, “आकडे कसले मांडलेस? कितवी मात्रा ते लिही.”

तिनं लिहिलं नाही. आकडा सोपा होता, मात्रा मोजावी लागते.

पुढे नोकरी लागली, पुण्याला बिऱ्हाड झालं, कॅसेटी खोक्यात गेल्या. २००५ साली यूट्यूब सुरू झालं आणि काही वर्षांतच लोकांनी आपापल्या कपाटांतलं गाणं तिथे आणून ओतलं. किशोरी आमोणकरांचा भूप, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, दूरदर्शनवर कधीतरी दाखवलेली आणि कुणीतरी व्हीसीआरवर टिपून ठेवलेली चित्रणं. ऐकायचं इतकं झालं, की कुठे काय ऐकलं तेच सापडेना. तिनं टिपणं कागदावरून टेक्स्ट एडिटरमध्ये नेली ती एका साध्या सोयीसाठी. ‘तिहाई’ एवढा शब्द टाकला, की वर्षानुवर्षांच्या ऐकण्यातल्या तिहाया एकाखाली एक उभ्या राहतात.

तिचा एडिटर म्हणजे ईमॅक्स. ग्नू ईमॅक्स १९८५पासून लोकांच्या हातात आहे. त्यातला ऑर्ग मोड २००३ साली कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं स्वतःची टिपणं आणि कामं मांडायला लिहिला. त्यात एक टायमर आहे. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि शून्य दाबलं, की तो चालू होतो. पहिल्या दोन कळांनंतर शून्याऐवजी वजा चिन्ह दाबलं, की नवी ओळ उमटते. आधी तास, मिनिटं, सेकंद, मग दोन विसर्गचिन्हं, आणि पुढे आपण लिहायचं. मराठीत लिहिताना एक मेख होती. संगणकाचाच कीबोर्ड देवनागरीत नेला, तर कंट्रोलच्या जोडीला ‘सी’ उरतच नाही आणि आज्ञा पोचत नाही. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी लिपीव्यवस्था वापरली, की कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेघेनं लिपी बदलते आणि आज्ञांना धक्का लागत नाही.

टायमरला व्हिडिओचा मात्र पत्ता नसतो. व्हिडिओ थांबवला तरी तो आपला चालतच राहतो. यावर उतारा मिळाला एमपीव्ही या प्लेअरमध्ये. हा जुन्या एमप्लेअरच्या घराण्यातला. त्याला बाहेरून प्रश्न विचारता येतात. एडिटरनं विचारायचं, आत्ता कुठे आहेस? प्लेअर सेकंद सांगतो आणि तो टिपणात बसतो. उलटही होतं. टिपणातल्या वेळेवर कळ दाबली, की चित्र त्या जागी जाऊन उभं राहतं. चौकोनी कंसांच्या कळांनी गती दहा-दहा टक्क्यांनी कमी-जास्त होते आणि स्वर ढळत नाही. ज्या तानेसाठी पूर्वी कॅसेट मागेपुढे करून तिची अक्षरशः चाळण व्हायची, ती तान आता निम्म्या गतीनं समोर ठेवता येऊ लागली.

गणिताचं किंवा प्रोग्रॅमिंगचं व्याख्यान ऐकताना थांबवणं ही चैन आहे. वर्गातल्या सरांना कुठे थांबवता येतं? राग थांबवला तर मात्र मोडतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट ते मिनिटभर चालतं. दहाव्या मात्रेवर थांबून ओळ लिहिली, तर समेची ओढच संपते, आणि ज्याबद्दल लिहायचं तेच हातात राहत नाही. म्हणून तिनं शिस्त घालून घेतली. पहिल्या ऐकण्यात थांबायचं नाही, नुसती कळ दाबायची. शब्द दुसऱ्या ऐकण्यात. बोटही कानाच्या मागून धावतं. द्रुत तान दोन सेकंदांत येऊन जाते आणि कळ दाबली जाते ती तान संपल्यावर. म्हणून नोंद होतानाच काही सेकंद वजा करायची सोय तिनं करून ठेवली.

दुसऱ्या फेरीत या कोऱ्या वेळा मोठ्या मजेदार निघतात. काहींपाशी उघडच काहीतरी असतं: अनपेक्षित निषाद, तबलजीची दाद. काहींपाशी कितीही ऐकलं तरी कळ का दाबली होती ते उमगत नाही. ती ओळ ती तशीच ठेवते, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

खरी पंचाईत झाली ती एक आवडतं चित्रण एके दिवशी यूट्यूबवरून नाहीसं झालं तेव्हा. महिन्याभरात तीच मैफल दुसऱ्या कुणीतरी टाकली, पण सुरुवातीचं निवेदन छाटून. सगळ्या वेळा सारख्याच अंतरानं मागे गेल्या. ते सोपं होतं. पहिल्या समेची वेळ दोन्हींकडे पाहिली आणि फरक वजा केला. पण जुन्या टेपांवरून केलेल्या प्रती एवढ्या सरळ नसतात. टेप जराशी जलद फिरली, तर सूरही चढतो आणि वेळही आखडते. सूर अर्ध्या स्वरानं, म्हणजे काळी एकऐवजी पांढरी दोन इतका वर गेला, तर गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेली असते. तीस मिनिटांचं गाणं अठ्ठावीस मिनिटं आणि वीसेक सेकंदांत उरकतं. अशा वेळी वजाबाकी कामाची नाही, गुणाकार लागतो. आणि तीच नोंद पहिल्या मिनिटाला जवळजवळ बरोबर, तर पंचविसाव्या मिनिटाला दीड मिनिट चुकलेली असते.

तेव्हापासून तिच्या ओळी लांबल्या. ‘१२:४०, अकरावं आवर्तन, नवव्या मात्रेवरून उठाव, समेवर गंधार.’ सेकंद त्या प्रतीचे, बाकीचं गाण्याचं. प्रत बदलली तर पहिला आकडा खोडायचा, पुढची ओळ जशीच्या तशी राहते. मात्रा मोजायला वेळ लागतो, आणि मोजताना ठेका इतका नीट ऐकला जातो, की तबल्यावर आधी केलेल्या नोंदी तिला आता वरवरच्या वाटतात.

अशीच एक फाइल तिनं न्यू जर्सीत राहणाऱ्या, तिच्याकडे ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाला पाठवली. त्याच्याकडे त्याच मैफलीची कुठल्याशा खासगी संग्रहातून आलेली नुसत्या आवाजाची प्रत होती. त्यानं प्रत्येक आवर्तनापुढे आपल्या प्रतीतली वेळ भरून फाइल परत केली. दोन रकान्यांतला फरक तिसाव्या मिनिटापर्यंत जवळपास एकसारखा होता. तिथे तो एकदम पन्नासेक सेकंदांनी बदलला, आणि त्याची आवर्तनांची मोजणी तिच्याहून एकानं कमी भरली. त्यानं लिहिलं, “मावशी, माझ्याकडे एक आवर्तन नाहीच आहे. कॅसेटची बाजू पालटेपर्यंत ते गाऊन झालं असणार.” तिच्या चित्रणात ते आवर्तन आहे, पण नेमक्या त्याच जागी कॅमेरा श्रोत्यांवर गेलाय आणि आवाज फाटलाय. दोघांनी मिळून त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे, आणि आता तिसरी प्रत कुणाकडे असेल याची विचारपूस चालू आहे.